प्रश्न वाचकांचे : बाटलीच्या तळाशी बसलेला साका

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: प्रयोगशाळेत शैवाल वाढवायला लागणारी पोषण माध्यमं. पत्रं निरनिराळी, पण दुखणं बहुधा एकच. माध्यमात घातलेलं सगळं शैवालाच्या तोंडी पडतं, असं धरून चाललं जातं. प्रत्यक्षात लोह, कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून तळाशी जाऊन बसतात आणि वर शैवाल उपाशी राहतं. म्हणून पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे.

प्र. बीजी-११ माध्यम दिलेल्या मापानेच केलं. ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) फ्लास्क काढले की तळाशी पांढरट गाळ दिसतो, एकदा तर पिवळसर दिसला. चूक कुठे होतेय?
(बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

आधी मापं एकदा समोर ठेवू. एक लिटर बीजी-११ मध्ये सोडियम नायट्रेट १.५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ४० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं, म्हणजे रेणूमागे पाण्याचे सात रेणू असलेलं) ७५ मिलिग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ३६ मिलिग्रॅम, सायट्रिक आम्ल ६, फेरिक अमोनियम सायट्रेट ६ आणि ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) १ मिलिग्रॅम, सोडियम कार्बोनेट २० मिलिग्रॅम आणि सूक्ष्म धातूंचं 'ए-५' द्रावण १ मिलिलिटर.

ए-५ वेगळं करून ठेवायचं. त्याच्या एका लिटरमध्ये बोरिक आम्ल २.८६ ग्रॅम, मँगनीज क्लोराइड १.८१, झिंक सल्फेट ०.२२२, सोडियम मॉलिब्डेट ०.३९, कॉपर सल्फेट ०.०७९ आणि कोबाल्ट नायट्रेट ०.०४९४ ग्रॅम.

हे सगळं दर वेळी तराजूवर मोजत बसू नका. प्रत्येक क्षाराचा २०० मिलिलिटरचा स्टॉक करा आणि लिटरमागे त्यातले १० मिलिलिटर घ्या. म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये नायट्रेट ३० ग्रॅम, फॉस्फेट ०.८, मॅग्नेशियम सल्फेट १.५, कॅल्शियम क्लोराइड ०.७२ आणि कार्बोनेट ०.४ ग्रॅम. सायट्रिक आम्ल ०.१२, फेरिक अमोनियम सायट्रेट ०.१२ आणि ईडीटीए ०.०२ ग्रॅम ही तिन्ही मात्र एकाच बाटलीत, कारण त्यांची सोबत कामाची आहे. वीस मिलिग्रॅम ईडीटीए कॉलेजच्या साध्या तराजूवर मोजलं जात नाही. तेव्हा ०.१ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले २० मिलिलिटर या बाटलीत घाला. ही बाटली तपकिरी काचेची हवी किंवा तिला फॉइल गुंडाळलेलं हवं. लोहाचं सायट्रेट उजेडाने बिघडतं.

आता साका. माध्यम तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू (पीएच) वर चढतो. सामू चढला की कॅल्शियमला कार्बोनेटशी किंवा फॉस्फेटशी जोडी जमवणं सोपं होतं. ही जोडी पाण्यात टिकत नाही, पांढरी होऊन खाली बसते. पिवळसर किंवा गंजाच्या रंगाचा साका मात्र लोहाचा. सायट्रेट आणि ईडीटीए लोहाला खेकड्याच्या नांगीसारखं धरून ठेवतात म्हणून ते विरघळलेलं राहतं. ही पकड नसेल तर लोह फॉस्फेटला चिकटतं किंवा हायड्रॉक्साइड होऊन पडतं. तेव्हा पिवळा साका दिसला की पहिली शंका त्या तिघांच्या बाटलीवर घ्या. ईडीटीए राहून गेलं का, की बाटली जुनी झाली?

साका कशाचा हे पाच मिनिटांत कळतं. ड्रॉपरने तळातला थोडा गाळ टेस्टट्यूबमध्ये घ्या, त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. बुडबुडे येऊन विरघळला तर कार्बोनेट. बुडबुड्यांशिवाय विरघळला आणि रंग पांढरा होता तर बहुधा कॅल्शियम फॉस्फेट. पिवळेपणा रेंगाळत विरघळला तर लोह. काहीच झालं नाही तर तो कापसाचा तंतू, धूळ किंवा जुन्या काचेचे पापुद्रे असतात. त्यांच्यासाठी माध्यम फेकायची गरज नाही.

उपाय क्रमात आहे. ८५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्या आणि ढवळत राहा. आधी नायट्रेट, मग मॅग्नेशियम, मग लोह-सायट्रेट-ईडीटीएची बाटली, त्यानंतर फॉस्फेट. हे नीट मिसळून पातळ झाल्यावरच कॅल्शियम, थेंब थेंब. मग ए-५, शेवटी कार्बोनेट. पाण्याने लिटर भरा आणि सामू ७.१ ते ७.४ च्या दरम्यान आणा. दोन स्टॉक कधीही पाण्याआधी एकमेकांत ओतू नका. घट्ट कॅल्शियम आणि घट्ट फॉस्फेट समोरासमोर आले की तो साका पुढे कितीही पाणी घाला, पुरता विरघळत नाही. एवढं करूनही गाळ येत असेल तर फॉस्फेटचे १० मिलिलिटर वेगळ्या नळीत निर्जंतुक करा आणि माध्यम गार झाल्यावर ज्योतीजवळ मिसळा. गरम असताना दिसणारी फिकट धुरकट छटा रात्रभरात हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून पुष्कळदा निवळते. तेव्हा सकाळपर्यंत थांबा.

आणखी एक जागा तपासा. बाटलीवरचं लेबल 'दोन पाण्याचं' म्हणतंय की 'निर्जल'? निर्जल कॅल्शियम क्लोराइड असेल तर ३६ ऐवजी २७ मिलिग्रॅम पुरतं. शिवाय ते हवेतली ओल ओढून पाझरतं. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत उघडी राहिलेली बाटली आठवड्यात खडूच्या लगद्यासारखी होते आणि तिचं वजन म्हणजे निम्मं पाणीच. मॅग्नेशियम सल्फेटही निर्जल मिळतं. ते ७५ ऐवजी ३७ मिलिग्रॅम. आणि फॉस्फेट 'मोनो' आहे की 'डाय' हे वाचल्याशिवाय चमचा बुडवू नका. मोनो आम्लधर्मी आहे.

प्र. शाळेत ऑटोक्लेव्ह नाही. घरचा प्रेशर कुकर चालेल का? किती शिट्ट्या?
(विज्ञान शिक्षक, कळवा)

चालेल, पण शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. घरगुती कुकरचा दाब साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास तापमान. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांशी हे जुळतं. अट एवढीच की आतली हवा आधी बाहेर जायला हवी. हवा अडकून राहिली तर दाब भरतो, तापमान मात्र भरत नाही. म्हणून झाकण लावल्यावर शिट्टी न ठेवता वाफेचा सरळ, जोरकस झोत येऊ द्या. तो पाचेक मिनिटं चालू द्या, मगच शिट्टी ठेवा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, इतका की शिट्टी नुसती फुसफुसत राहील. तिथून २५० मिलिलिटरच्या फ्लास्कला २० मिनिटं, लिटरच्या बाटलीला ३० ते ३५.

फ्लास्क निम्म्याहून जास्त भरू नका. खाली जाळी ठेवा, फ्लास्क थेट तळाला टेकू देऊ नका. कापसाच्या बोळ्यावर फॉइलची टोपी हवी, नाहीतर बोळा भिजतो आणि भिजलेल्या बोळ्यातून बुरशी आत उतरते. सर्वांत मोठी चूक शेवटी होते: गॅस बंद करून घाईने शिट्टी उचलली की माध्यम उकळून बोळ्यात चढतं. कुकर आपोआप गार होऊ द्या.

एक फसवी गोष्ट. पेरणी न केलेलं बीजी-११ चार दिवस स्वच्छ राहिलं, म्हणून ते निर्जंतुक झालं असं मानू नका. त्यात साखर नाही, सायट्रेटसारखं सेंद्रिय अगदी नावापुरतं, त्यामुळे जिवाणू जिवंत असले तरी दिसतील इतके वाढत नाहीत. खात्री करायची तर प्रत्येक खेपेत एका नळीत माध्यमासोबत चिमूटभर ग्लुकोज आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घाला. ती नळी तीन दिवसांत गढूळली तर सगळी खेप संशयास्पद.

प्र. ऊर्ध्वपातित पाणी महाग पडतं. आरओचं किंवा नळाचं पाणी वापरलं तर?
(ऐरोली, नवी मुंबई)

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि शैवालाला ते सोसत नाही. पाणी रुंद भांड्यात रात्रभर ठेवून त्यात मत्स्यटाकीचा पंप चालवला तर मोकळं क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर लिटरमागे १० मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरे. धरणाचं पाणी तुलनेने मऊ, त्यामुळे क्लोरोफाइटांच्या (हिरव्या शैवालांच्या) साध्या प्रयोगांना ते निभावून जातं. सोसायटीत टँकर आला असेल तर मात्र ते पाणी बोअरचं असू शकतं. मग कॅल्शियम आणि क्षार इतके की पहिल्या प्रश्नातला साका हमखास.

आरओ पाण्याबाबत एक धोका ध्यानात ठेवा. पुष्कळ घरगुती यंत्रांत आता शेवटी तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला ते चालतं, शैवालाला नाही. बीजी-११ मधलं तांबं मोजून पाहा: लिटरला ०.०२ मिलिग्रॅम. तांबं हे एरवी शेवाळ मारायलाच वापरतात, आणि तांब्याच्या यंत्रातून किंवा तांब्याच्या हंड्यातून पाणी घेतलं की ही मात्रा कितीतरी पट चढते. यंत्रात 'कॉपर' लिहिलेलं असेल तर ते पाणी नकोच. नसेल तर मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून पाणी घ्या आणि टीडीएस मीटर लावा. आकडा १० च्या आत असला तर माध्यमाला बिनधास्त वापरा. बॅटरीच्या दुकानातलं पाणी नुसतं क्षारमुक्त केलेलं असलं तरी चालतं. पण आधी त्यालाही मीटर लावा आणि सामू तपासा.

प्र. गच्चीवर २० लिटरच्या टबात स्पायरुलिना लावायची आहे. झारूक माध्यमाचे प्रयोगशाळेतले क्षार परवडत नाहीत. खतांवर भागेल का?
(खारघर)

भागेल, आणि बऱ्यापैकी चांगलं भागेल. स्पायरुलिना हे खाऱ्या सोडायुक्त तळ्यांतलं नीलहरित शैवाल, आपल्याकडच्या लोणारच्या पाण्यासारख्या. झारूक या फ्रेंच संशोधकाने १९६६ च्या प्रबंधात दिलेलं माध्यम तसंच सोड्याने भरलेलं आहे: लिटरला सोडियम बायकार्बोनेट १६.८ ग्रॅम, नायट्रेट २.५, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, पोटॅशियम सल्फेट १, मीठ १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.०४, फेरस सल्फेट ०.०१ आणि ईडीटीए ०.०८ ग्रॅम.

वीस लिटरचा हिशेब असा. खाण्याचा सोडा ३३६ ग्रॅम. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. धुण्याचा सोडाही नव्हे, त्याने सामू एकदम वर जातो. नायट्रेटच्या जागी कृषी सेवा केंद्रातलं १३:००:४५ हे विद्राव्य खत ६० ग्रॅम. यातच पोटॅशियम भरपूर येतं, त्यामुळे पोटॅशियम सल्फेट गाळता येतं. फॉस्फेटसाठी ००:५२:३४ हे खत ८ ग्रॅम. खडे मीठ २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम. लोहासाठी १२ टक्के चिलेटेड लोह एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावरचं. यात लोह ईडीटीएने धरलेलंच येतं, आणि नऊच्या सामूला हेच हवं, कारण नुसता फेरस सल्फेट तिथे तासाभरात गंज होऊन बसेल. ए-५ असेल तर २० मिलिलिटर. कॅल्शियम वेगळं घालायची गरज नाही, नळाच्या पाण्यात असतंच.

कुठली खतं टाळायची हे जास्त महत्त्वाचं. १९:१९:१९ नको, १२:६१:०० नको, युरिया तर सुरुवातीला नकोच. या सगळ्यांतून अमोनिया येतो किंवा तयार होतो. सामू ९.२ च्या आसपास पोचला की पाण्यातला निम्मा अमोनिया वायुरूपात असतो आणि तो पेशीत सहज शिरतो. सकाळी हिरवीगार दिसलेली टाकी संध्याकाळी पिवळट, फेसाळ आणि वास मारणारी झाली, तर बहुधा असलंच खत पडलेलं असतं.

पेरणी पुरेशी दाट ठेवा. बियाणं फार विरळ असेल तर उन्हाने करपतं, म्हणून पहिला आठवडा दुहेरी शेडनेट. पाणी ३० ते ३५ अंश असावं. चाळिशीच्या वर गेलं की तंतू तुटतात. मेच्या दुपारी खारघरच्या गच्चीवर उथळ टब हा आकडा गाठू शकतो, तेव्हा टब सावलीच्या भिंतीकडे घ्या. बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी साध्या पाण्याने भरा, माध्यमाने नव्हे, नाहीतर महिन्याभरात क्षार दुप्पट होतात. पाऊस आला की झाकण.

खतावर वाढवलेली स्पायरुलिना खायची नाही. शेतीच्या खतांमधल्या जड धातूंची मर्यादा माणसाच्या पोटासाठी आखलेली नसते, आणि उघड्या टबात दुसरं विषारी नीलहरित शैवाल मिसळलं तर ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कळणार नाही. खायची असेल तर सगळे घटक खाद्यदर्जाचेच हवेत आणि बियाणं खात्रीच्या संस्थेतून आणायला हवं.

प्र. ठाणे खाडीतले डायटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) एफ/२ या समुद्री शैवालांच्या माध्यमात वाढवायचे आहेत. खाडीचंच पाणी वापरावं का?
(एम.एस्सी. विद्यार्थी, वाशी)

पेरणीचा नमुना खाडीचा घ्या, माध्यमाचं पाणी मात्र नको. खाडीच्या पाण्याचा खारेपणा ओहोटी-भरतीला बदलतो, पावसाळ्यात तर पार खाली जातो, शिवाय त्यात सांडपाण्याचं नायट्रोजन-फॉस्फरस आधीच असतं. मग एफ/२ ची मापं नुसती नावाला उरतात. नमुना घेतानाही जागा पाहा. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. हा भाग २०२२ पासून रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे.

पाणी एक तर किनाऱ्यापासून लांबचं, गाळलेलं घ्या, नाहीतर मत्स्यटाकीचं समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मापाने विरघळवा. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे समुद्र नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सल्फेट नावालाही नसतात.

एफ/२ मधलं 'दोन' म्हणजे गिलार्ड आणि रायथर यांच्या १९६२ च्या मूळ 'एफ' माध्यमाची निम्मी ताकद. लिटरमागे सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ आणि सोडियम मेटासिलिकेट ३० मिलिग्रॅम. प्रत्येकाचा स्टॉक लिटरला तेवढ्याच ग्रॅमचा करा, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये काम होतं. धातूंच्या स्टॉकमध्ये फेरिक क्लोराइड ३.१५ आणि ईडीटीए ४.३६ ग्रॅम. आकडे वेगळे दिसले तरी रेणूंच्या हिशेबात दोन्ही सारखेच आहेत, म्हणजे लोहाच्या प्रत्येक अणूला एक नांगी. म्हणून इथे ईडीटीए अंदाजाने कमी-जास्त करू नका. जीवनसत्त्वं लिटरला थायमिन १०० मायक्रोग्रॅम, बायोटिन ०.५ आणि बी-१२ ०.५ मायक्रोग्रॅम. ती ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून शेवटी मिसळा.

समुद्राचं पाणी तापवलं की त्यातही सामू चढून पांढरा साका येतो. पाणी आणि फॉस्फेट वेगवेगळं निर्जंतुक करून गार झाल्यावर एकत्र आणा. खारेपणा ३५ वरून २८-३० पर्यंत उतरवला तरी साका बराच कमी होतो, आणि खाडीच्या डायटमना एवढा उतार चालतो. सिलिकेट शेवटी, जोरात ढवळत, थेंब थेंब. ते अल्कली असतं. एकदम ओतलं की जिथे पडेल तिथे जेलीसारखे ढग दिसतात. स्टॉक प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. डायटम वाढवायचे नसतील तर सिलिकेट घालूच नका, उगीच परक्या डायटमना आमंत्रण.

प्र. मुरबाडच्या भातखाचरातलं नायट्रोजन धरणारं शेवाळ वेगळं काढायचं आहे. माध्यम कोणतं?
(ठाणे)

बीजी-११, पण सोडियम नायट्रेट वगळून. ज्यांना हवेतला नायट्रोजन बांधता येत नाही ते उपाशी मागे पडतात, नॉस्टॉक, ॲनाबीना, ऑलोसायरा पुढे येतात. भातखाचरातली ही करामत आपल्याकडे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिली. बारीक फट बुजवायला विसरू नका: ए-५ मधलं कोबाल्ट नायट्रेट आणि लोहाचं अमोनियम सायट्रेट यांतूनही किंचित नायट्रोजन जातो. कोबाल्ट क्लोराइड आणि फेरिक सायट्रेट वापरा. चिमूटभर खाचरातली माती १०० मिलिलिटर माध्यमात टाकून तीन आठवडे खिडकीजवळ ठेवा. थेट ऊन नको. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूत मधूनमधून फिकट, जाड भिंतीची गोल पेशी दिसली की ती हेटरोसिस्ट, म्हणजे नायट्रोजन बांधणारी.

प्र. क्लोरेला दोन आठवडे छान हिरवी होती, मग पिवळी पडत गेली. नक्की काय कमी पडलं हे कसं ओळखायचं?
(तुर्भे)

अंदाज बांधण्यापेक्षा तिलाच विचारा. पिवळी पडलेली वाढ ५० मिलिलिटरच्या पाच फ्लास्कांत सारखी वाटा. पहिल्यात नायट्रेटच्या स्टॉकचा अर्धा मिलिलिटर, दुसऱ्यात फॉस्फेटचा अर्धा, तिसऱ्यात लोह-सायट्रेट-ईडीटीएचा अर्धा, चौथ्यात ए-५ चा एक थेंब. पाचव्यात काहीच नाही. सगळे एकाच उजेडात ठेवा. दोन ते चार दिवसांत जो फ्लास्क हिरवा होईल, त्याच्या बाटलीत उत्तर आहे. बोल्ड्स बेसल माध्यम वापरत असाल तर त्यात नायट्रेट लिटरला फक्त पाव ग्रॅम असतं. दाट वाढीत ते आधी संपतं, आणि मग क्लोरेला हिरवं सोडून तेल साठवू लागते. अनेक प्रयोगशाळा त्यात नायट्रेट तिप्पट करतात, ते यासाठीच.

पाचही फ्लास्क पिवळेच राहिले तर अन्नाचा दोष नाही. सामू मोजा. हवा न देता ठेवलेली दाट वाढ कार्बन डायऑक्साइड संपवून सामू दहाच्या पुढे नेते. मग लोह पुन्हा साक्यात जातं आणि आपण पहिल्या प्रश्नाशी परत येतो. दिवसातून तीनदा हलवणं किंवा गाळलेल्या हवेचा पंप पुरतो. शनिवार-रविवार एसी बंद असणाऱ्या खोलीत एप्रिल-मेमध्ये ट्यूबलाइटच्या शेल्फवरचं तापमानही एकदा मोजून ठेवा.

पिवळं न पडता दुधाळ झालं असेल तर जिवाणू. एका रात्रीत पाणी स्वच्छ झालं आणि तळाशी हिरवट-तपकिरी कचरा उरला, तर शैवाल खाणारे एकपेशीय प्राणी किंवा रोटिफर हे सूक्ष्म प्राणी. त्यांच्यावर माध्यमाचा उपाय नाही.

प्र. अगारच्या तिरप्या नळ्यांवर वाढ फार संथ होते. अगारऐवजी चायना ग्रास चालेल?
(घणसोली)

साधा, बिनचवीचा चायना ग्रास चालतो. ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर भिजवून पाणी दोनदा बदला. चवीचं तयार मिश्रण नको, त्यात साखर असते. पण वाढ संथ होण्याचं कारण बहुधा दुसरीकडे आहे. अगार आणि फॉस्फेट एकत्र तापवले की थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि कोवळ्या पेशींना ते पुरेसं जाचक असतं. १५ ग्रॅम अगार ५०० मिलिलिटर पाण्यात आणि दुप्पट ताकदीचं माध्यम दुसऱ्या ५०० मिलिलिटरमध्ये, असं वेगवेगळं निर्जंतुक करा. साधारण ६० अंशांवर आलं की मिसळा आणि लगेच ओता.

प्र. उरलेलं माध्यम आणि जुन्या वाढी बेसिनमध्ये ओताव्यात का?
(पाचपाखाडी)

तशाच नाही, आणि जवळ आहे म्हणून मासुंदा किंवा उपवन तलावात तर मुळीच नाही. नायट्रेट आणि फॉस्फेटचं आयतं जेवण मिळालं की तलावात नको ते शेवाळ माजतं. जिवंत वाढीच्या नऊ भागांत घरगुती ब्लीचचा एक भाग मिसळून अर्धा तास ठेवा, मग भरपूर पाण्याबरोबर सोडा. ब्लीच घातलेलं काहीही कुकरमध्ये तापवू नका, आणि आम्लाच्या किंवा अमोनियमच्या बाटलीजवळही नेऊ नका, विषारी वायू निघतात. ए-५ च्या उरलेल्या स्टॉकमध्ये तांबं, जस्त, कोबाल्ट असतं. तो बेसिनमध्ये नको. झाकणाच्या बाटलीत साठवा, वर तारीख आणि नाव लिहा आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यासोबत द्या.